सांबारवडीचा वार

"दोडका चिरलास ना, मग आता दोडकाच कर," सासूबाई म्हणाल्या. "मला कशाला विचारतीस?"

"मी आल्याआल्याच विचारलं होतं, आई. तुम्ही म्हणालात, तुला पाहिजे ते कर."

"मग केलंस की. आमच्यात दोडक्याला फोडणीत लसूण घालत नाहीत, एवढंच म्हटलं मी."

"आमच्याकडे घालतात."

"घाल बाई. भरपूर घाल."

मी लसणाची वाटी उचलली आणि आपटायची नाही असं ठरवूनही ओट्यावर आपटलीच. तापट म्हणून मी माहेरी प्रसिद्ध होते. सासरी ते अजून कुणाला माहीत नव्हतं, कारण वर्षभर मी दात आवळून होते. दर संध्याकाळी हेच. "आज काय करू?" "तुला पाहिजे ते कर." आणि केलं की, "आमच्यात असं करत नाहीत."

मी वर्धा जिल्ह्यातली, पुलगावची. माझे मामा रेल्वेत मिरजेला होते, त्यांनी हे स्थळ आणलं. मला टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी होती, लग्नानंतर मिरजेला बदली करून घेतली. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंककॉल जोडून द्यायचे आणि घरी आलं की बोलणं जुळायचं नाही ते माझं आणि सासूबाईंचंच. बाई वाईट नव्हत्या हो. लग्न ठरवायला आल्या तेव्हा माझा हात हातात घेऊन किती वेळ बसल्या होत्या. पण लग्न होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच त्यांचं वागणं जे बदललं, ते बदललंच. काय चुकलं ते काही केल्या कळेना. विचारलं तर म्हणायच्या, "मला काय झालंय? काही नाही."

त्या दिवशी दोडका शिजतोय तोच आमचे हे ड्यूटीवरून आले. मालगाडीवर गार्ड होते. कधी जातील, कधी येतील, नेम नाही. बूट काढता काढताच म्हणाले, "क्वार्टरचा नंबर लागलाय आपला. ह्या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी साहेबांना हो की नाही ते सांगायचं."

माझी नणंद उज्ज्वला ताटं मांडत होती, ती तशीच थांबली.

"दोन खोल्या, स्वतंत्र नळ," हे म्हणाले. मग आईकडे बघून घाईघाईने, "म्हणजे घ्यायचंच असं नाही."

"जावा की," सासूबाई म्हणाल्या. "मी काय अडवतेय?"

खोटं कशाला बोलू, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. स्वतःचं स्वयंपाकघर! दोडक्यात लसूण घालीन नाहीतर अख्खा कांदा घालीन, विचारणारं कोण? पण सासूबाई ताटावर बसल्या आणि भाताचा घास हातात घेऊन नुसत्याच बसून राहिल्या, तेव्हा माझा आनंद जरा खाली बसला. उज्ज्वला लहान असताना सासरे गेले होते. बाईंनी एकटीने दोन मुलं वाढवली. आता मुलगा निघाला, वर्षा-दोन वर्षांत मुलगी लग्न होऊन जाणार. पुढे त्या तीन खोल्यांत त्या एकट्याच. हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

बोलली ती उज्ज्वला. ती कोल्हापूरला डी.एड.च्या हॉस्टेलवर राहून आलेली, तोंडाने फटकळ.

"तुमचं भांडण कशावरून होतं सांगू? काय करायचं ह्यावरून. आमच्या मेसमध्ये आठवड्याचं आधीच ठरलेलं असायचं. सोमवारी काय, मंगळवारी काय, भिंतीवर लिहिलेलं. मावशीबाईंशी कुणी भांडत नव्हतं."

"आठवड्याचं ठरवायला ही काय खानावळ आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"खानावळ बरी. तिथं जेवताना रडत नाहीत."

"एक आठवडा करून बघू," हे म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, सासूबाईंकडे बघून म्हणाले, मग पुन्हा माझ्याकडे. "सोमवारपासून रविवारपर्यंत. नाही पटलं, तर मी स्वतः ट्रंका उचलतो आणि क्वार्टरवर नेऊन टाकतो. मग तर झालं?"

आठवडाभर थांबायला माझं काय जात होतं? मी म्हटलं, झालं.

उज्ज्वलाने तिची शाळेतली जुनी पाटी शोधून काढली आणि पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला टांगली. नियमही तिचेच. प्रत्येकाचा एक वार. त्या वारी त्याच्या आवडीचं व्हायचं, आणि ज्याचा वार त्याने चुलीपाशी फिरकायचंसुद्धा नाही. दुसऱ्याने करून घालायचं. करणाऱ्याला टोकायचं नाही.

"टोकायचं नाही हे कोणासाठी?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळ्यांसाठी," उज्ज्वला म्हणाली.

सोमवार सासूबाईंच्या उपासाचा, तो सोडला. मंगळवार आमच्या ह्यांचा.

"आमटी," हे लगेच म्हणाले. "आईच्या हातची. किती दिवस झाले."

"आमटी सोडून सांग," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, आमटीच तर—"

"मी आमटी करत नाही आता. दुसरं काहीही सांग."

हे गोंधळले, उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. मीही गोंधळले. त्या घरात मी आमटी एकदाच खाल्ली होती, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. नंतर रोज साधं वरण. मला वाटलं होतं, ह्यांच्याकडे आमटी सणावारीच होत असेल. शेवटी हे बिचारे भरल्या वांग्यावर आले. बुधवारी उज्ज्वलाने मसालेभात सांगितला. गुरुवार सासूबाईंचा. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "शेंगोळे."

हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे मी जन्मात वळले नव्हते. हे मुद्दाम होतं, मला कळलं. मी म्हटलं, ठीक आहे, बघूनच घेऊ.

"वहिनी, तुझा शुक्रवार. तुझं काय?"

मला विचार करायची गरजच नव्हती. डिसेंबर होता. थंडी पडली की आमच्या पुलगावला घरोघर होते ती. कढीबरोबर ताटलीभर खायची. "सांबारवडी," मी म्हणाले.

उज्ज्वलाने लिहिलं. सासूबाईंनी पाटीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता म्हणतील आमच्यात नाही करत. पण नियम होता.

खरं सांगते, आठवडा सुरू झाला आणि मला आश्चर्यच वाटायला लागलं. मंगळवारी मी कामावरून आले तर वांगी चिरून पाण्यात, दाण्याचं कूट तयार. काय करू, हा प्रश्नच नाही. कोणी कोणाला विचारायचं नाही आणि कोणी कोणावर उपकार करायचे नाहीत. आल्यावर चहाचा कप घेऊन पाच मिनिटं पाय लांब करून बसता येतं, हे मला त्या घरात पहिल्यांदा कळलं. बुधवारी तर सासूबाईही येऊन बसल्या शेजारी. म्हणाल्या, "तुमच्या त्या एक्स्चेंजात बोलणं ऐकू येतं का गं लोकांचं?" मी म्हटलं, "येतं, पण ऐकायचं नसतं." त्या म्हणाल्या, "ऐकत असशील." आणि हसल्या. बाप्पा! मी कप सांभाळून धरला.

गुरुवारी मी शेंगोळे वळले. उज्ज्वला पीठ कसं मळायचं ते सांगत होती, पण हात माझा. काही बोटाएवढे, काही सुतळीएवढे, एक तर गाठच बसलेला. सासूबाई ताटावर बसल्या. मी समोर उभी. त्यांनी रस्सा प्यायला, दोन शेंगोळे खाल्ले. तो गाठीचासुद्धा खाल्ला.

"मीठ बरोबर आहे," म्हणाल्या.

उज्ज्वला माझ्या कानाशी आली. "वहिनी, माझ्या दहावीच्या निकालाला पण आई एवढं बोलली नव्हती."

आणि मग शुक्रवार. आमचे हे हुबळीच्या गाडीवर गेलेले, शनिवारी येणार. मी सकाळपासून एक्स्चेंजात बसले होते, पण लक्ष कुठलं. यवतमाळचा कॉल मी सोलापूरला जोडून दिला आणि दोन अनोळखी माणसं एकमेकांना शिव्या द्यायला लागली. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "कुंदा, तब्येत बरी नाही का?" काय सांगू, माझा जीव वडीत होता. लग्नानंतर पहिल्यांदा ह्या घरात माझ्या आवडीचं कुणीतरी मला करून घालणार होतं. सासूबाईंना जमेल का, कुणाला विचारतील का, हजार शंका. पण नियमाप्रमाणे मी तोंड उघडलं नव्हतं, त्यांनीही काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी फाटकापाशी आले आणि वास आला. हिंग, मेथ्या, कढीपत्ता. काहीतरी निराळंच. आत गेले तर उज्ज्वला ताट मांडत होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात शेजारच्या पार्वतक्का बसलेल्या. धारवाडकडच्या, मराठी छान बोलायच्या पण कानडीचा हेल सुटायचा नाही. सासूबाईंचा पदर खोचलेला, चेहरा लाल. चुलीवर मोठं पातेलं.

"हात धू आणि बस," सासूबाई म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी पळीने माझ्या ताटात वाढलं. उडप्याच्या हॉटेलात मिळतं तसं सांबार. तांबूस, दाट, त्यात शेवग्याच्या शेंगा. आणि वर बेसनाच्या चौकोनी पाटवड्या तरंगताहेत.

मी ताटाकडे बघत राहिले.

"मसाला पार्वतक्कांनी सांगितला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका भराभर चालला होता. "धणे, डाळ, मेथ्या, सगळं भाजून पाट्यावर वाटलं. सकाळपासून तीन खेपा घातल्या त्यांच्याकडे. पण ती वडी त्यांनाही माहीत नव्हती. उज्ज्वला म्हणाली, सांबारात वडी असेल. मग मी आपल्या पाटवड्या थापल्या नि वर सोडल्या. झालंय का तुमच्यातल्यासारखं?"

पहिलं रडू रागाचंच होतं, आठवडाभर वाट बघितली होती मी. पण मग त्यांचा हात दिसला. मिरची वाटून बोटं लाल झालेली, त्यांवर त्या खोबरेल चोळत होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी एक वडी सांबारात बुडवून खाल्ली.

"चांगलं झालंय," मी म्हणाले.

"खरं सांग."

"चांगलं झालंय, आई. खरंच. पण ही सांबारवडी नाही." आता थांबता येईना. "आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर."

पळी तशीच हवेत राहिली.

"अय्यो," पार्वतक्का म्हणाल्या. "कोथिंबीर?"

"हिरवी कोथिंबीर. आमच्या बाजारात 'सांबार द्या' म्हटलं की जुडी देतात. इथं आल्यावर भाजीवाल्या हसायच्या म्हणून मी कोथिंबीर म्हणायला शिकले. पण वडीचं नाव सांबारवडीच. कोथिंबिरीचं सारण भरून तळायची असते."

सासूबाई मला हसतील नाहीतर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. पळी पातेल्यात ठेवली आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. चेहऱ्यावरचा लाल रंग उतरून गेला होता.

"कुंदा," त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पंगतीत तू काय म्हणालीस, आठवतंय तुला?"

"मी? काय म्हणाले?"

"मी आमटी वाढली. तू म्हणालीस, 'आई, आमटी मस्त झालीय, फक्त सांबार पाहिजे होता.'"

मला काही आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं. मी अगदी असंच म्हणाले असणार.

"माझ्या जाऊबाई शेजारी जेवत होत्या. तू हात धुवायला उठलीस, तशी त्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, 'सुमन, तुझ्या सुनेला आमटी उतरत नाही घशाखाली, हॉटेलातलं सांबार पाहिजे तिला.' सगळ्या हसल्या. मीपण हसले. हे गेले तेव्हा घरात काही नव्हतं गं. ही दोन पोरं मी आमटी-भातावर वाढवली. लोक म्हणायचे, सुमनच्या आमटीला तोड नाही. मला दुसरं काय येतंय? शिक्षण नाही, नोकरी नाही. तेवढं एक माझं होतं. म्हटलं, जाऊ दे, हिला नको तर कुणालाच नको. त्या दिवसापासून आमटीचं पातेलं चढवलं नाही."

"अहो आई!" मी ताट बाजूला सारलं. "मी कोथिंबीर म्हणत होते! आमटी इतकी चांगली होती, वर नुसती कोथिंबीर पेरायची राहिली होती, एवढंच!"

"राहिलीच होती!" सासूबाई ओरडल्या. "त्या गर्दीत बाजारातून आणायचीच विसरले मी. पंगत बसेपर्यंत मला तेच खटकत होतं, आमटी उघडीबोडकी दिसतेय म्हणून!"

"मग तुम्ही मला विचारलं काहून नाही?"

"आणि तू सांगितलं का नाहीस?"

"मला काय माहीत, तुम्हाला दुसरंच ऐकू गेलं म्हणून!"

"वर्षभर," पार्वतक्का उंबऱ्यातून म्हणाल्या, "कोथिंबिरीपायी?" आणि त्या अशा हसायला लागल्या की भिंतीला टेकल्या. मग मी हसले. मग सासूबाई. हसता हसता त्यांचे डोळे कधी वाहायला लागले कळलं नाही. मिरचीचा हात डोळ्याला लावायला गेल्या, मी धावून मनगट धरलं आणि माझ्या पदराने त्यांचे डोळे पुसले. मला इतकं वाईट वाटत होतं की काय सांगू. एवढ्या हौसेनं हात धरून आणलेली सून, आणि तिनं पहिल्याच पंगतीत तोंडावर नाव ठेवलं, असं धरून ती बाई वर्षभर माझ्याशेजारी स्वयंपाक करत होती.

मग मी ते सांबार दोन वाट्या खाल्लं. पाटवड्या आत फुगून मऊ पडल्या होत्या. वाईट नव्हतं लागत.

पण एकदा हसलो म्हणून क्वार्टरचा प्रश्न सुटतो, असं काही नसतं. शनिवारी दुपारी हे आले, उज्ज्वलाने हातवारे करकरून सगळं सांगितलं, हेही पोट धरधरून हसले. त्यानंतर मात्र प्रत्येक जण जपून बोलायला लागला. सोमवार तोंडावर आला होता. मी ते क्वार्टर जाऊन पाहिलं होतं. ओटा माझ्या उंचीचा होता, खिडकीतून उजेड यायचा. ते सोडावंसं वाटत नव्हतं, आणि घ्यावंसं वाटत होतं असंही नाही. ह्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांची बिचाऱ्यांची हिंमतच होत नसावी.

संध्याकाळी सासूबाई भाकरी करायला बसल्या. मी भाजी निवडत होते. हे दारात वर्तमानपत्र घेऊन, पण पान काही उलटत नव्हते. उज्ज्वलाने पाटी ओल्या फडक्याने पुसली, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्याचं लिहू?"

मी निवडलेलीच भाजी परत निवडायला लागले.

"लिही की," सासूबाई म्हणाल्या. त्यांची आमच्याकडे पाठ होती. भाकरी थापणारा हात थांबला होता. "पण आधी माणसं किती धरायची, ते विचार."

त्या उज्ज्वलाशी बोलत होत्या. उज्ज्वलाने आपल्या भावाकडे पाहिलं. भावाने माझ्याकडे. वर्षभरात त्या बाईने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं, आताही सरळ मागत नव्हती. मान खाली घालून वाट बघत होती, तेवढंच.

"चार," मी म्हणाले.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. सासूबाई तशाच बसलेल्या. त्यांचे खांदे हलले असं मला वाटलं, आणि आता सगळेच रडायला लागणार ह्या भीतीने मी घाईघाईने पुढचं बोलून टाकलं.

"आणि आई, माझ्या दोन भाकऱ्या धरा. तुम्ही रोज एकच धरता. वर्षभर अर्धपोटी उठतेय मी ह्या घरात."

सासूबाई गर्रकन वळल्या.

"अगंबाई! मग बोलायला तोंड नव्हतं तुला? कोथिंबीर हवी ते पंगतीत सांगतीस, आणि भूक लागली ते सांगता येत नाही? लोक काय म्हणतील, सुमन सुनेला उपाशी ठेवते? आणि तू रे शशी, तुला दिसत नव्हतं बायको काय खाते ते?" त्यांनी डबा पुढे ओढला आणि बोलत बोलतच परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.